ऑटोक्रॉस नोंद: टायरमधली हवा, स्लॅलम आणि एका रनला एकच प्रश्न

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडून आखलेल्या कोर्सवर एकेका गाडीनं घड्याळाशी लावलेली शर्यत; त्यातली एक फेरी म्हणजे रन. गाडी पुढच्या चाकांना इंजिनची ताकद मिळणारी छोटी हॅचबॅक. सस्पेन्शन कंपनीचं, टायर २०० ट्रेडवेअरचे (हा झिजण्याचा आकडा; जितका कमी, तितका टायर लवकर झिजणारा पण सहसा जास्त पकडीचा). या टप्प्यात एकही सुटा भाग बदलायचा नाही. आधी हवा आणि हात.

दाराच्या पट्टीवर हवेचा दाब ३२ पीएसआय लिहिलेला असेल तर पुढे ३८ आणि मागे ३६ पासून सुरुवात. वळताना जवळजवळ सगळा भार पुढच्या बाहेरच्या टायरवर येतो आणि हवा कमी पडली की टायर कडेवर लोळतो. ते पाहायला खडू पुरतो. टायरच्या कडेवरून खाली भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढा, प्रत्येक टायरवर तीन जागी. बऱ्याच टायरवर कडेजवळ छोटा त्रिकोण असतो. रननंतर खडू त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर हवा बरोबर. त्याच्या खाली पुसला असेल तर २ पीएसआय भरा, वरच थांबला असेल तर २ सोडा.

टायर तापले की हवा चढते, म्हणून प्रत्येक रननंतर गेज लावून ठरवलेल्या आकड्यावर आणायची. वहीत आकड्यापुढे ‘गरम’ की ‘थंड’ हे लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तो आकडा निरुपयोगी. एकाच गाडीवर दोन चालक असतील तर टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तेव्हा पाण्याचा फवारा जवळ ठेवा. अंडरस्टीअर, म्हणजे स्टेअरिंग फिरवूनही गाडीचं नाक वळणाबाहेर सरकत राहणं, तरीही राहिलं तर मागे २-२ पीएसआय वाढवत जा. मागची ग्रिप कमी होऊन गाडी वळायला तयार होते. मात्र वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग झटकन बाहेर जायला लागला की एक पायरी मागे या.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्लॅलममध्ये, म्हणजे एका रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जाताना. नेहमीची चूक एकच: कोन दाराशी आल्यावर स्टेअरिंग फिरवणं. तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या कोनाला थोडा उशीर, दुसऱ्याला आणखी थोडा, आणि चौथ्याला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागतो. कोनाशेजारून जाताना गाडीचं नाक पुढच्या कोनाकडे आधीच वळू लागलेलं हवं. नजर दोन कोन पुढे. मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, त्यामुळे पुढून सुटलेला कोन मागून लागतो. तेवढी जागा सोडा. बहुतेक ठिकाणी एका कोनाला २ सेकंद दंड असतो, आणि ४५ सेकंदांच्या रनमध्ये २ सेकंद भरून निघत नाहीत. धक्का लागूनही कोन त्याच्या जागेभोवती आखलेल्या चौकोनाला टेकून उभा राहिला तर सहसा दंड नाही. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर आहे.

मजा टिकवायची तर प्रत्येक रनला एकच प्रश्न ठेवा. पहिली रन फक्त स्वच्छ. मग ब्रेकची एखादी जागा, मग एखादी ओळ, म्हणजे वळणातून गाडी नेण्याची वाट. हवा आणि ओळ एकदम बदलली तर वेळ कशामुळे सुधारली ते कळणारच नाही. कोर्स दरवेळी नवा, म्हणून मागच्या वेळेशी सेकंद जुळवण्यात अर्थ नाही. त्याच वर्गातला एक सातत्यानं चालवणारा चालक धरा आणि त्याच्यापासूनचं अंतर टक्क्यांत लिहा: त्याचे ४५.००, आपले ४७.२५, म्हणजे ५ टक्के. प्रगती या आकड्यात दिसते. पदकतालिकेत शोधाल तर कंटाळाल.

निघण्यापूर्वी चाकांचे नट टॉर्क रेंचनं, बॅटरीची पट्टी घट्ट, पायाखालच्या चटया आणि बाटल्या बाहेर. रन संपल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या ब्रेकवर तो चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.

यानंतरचं काम पुढच्या चाकांच्या कॅम्बरचं, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललेलं आहे त्याचं. स्ट्रटच्या (चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या) खालच्या दोन बोल्टमध्ये थोडी ढिलाई असते. ते सैल करून चाकाचा वरचा भाग आत ढकलून धरायचा आणि तसंच कसायचं, दोन्ही बाजूंना सारखं. त्यानं टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली आहेत ते, बदलतोच, तेव्हा तो मोजून शून्यावर आणल्याशिवाय गाडी कोर्सवर न्यायची नाही.