मामाला नाही आला

काल ताईने ती कॅसेट मोबाईलवर घेऊन आणली. आधी नुसती खरखर, मग बाबा बोलायच्या आधी घसा साफ करायचे ना तसा आवाज, आणि मग "चालू झालं का रे?" एवढंच. कुणी काही बोलायच्या आत छोटी ओरडली, आई तुझ्या हातावर काटा आलाय! मग तिला खेळच मिळाला. एकेकाचा हात ओढून बघत सुटली, आईला आलाय, आजीला आलाय, मला पण थोडा आलाय. माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि जाहीर करून टाकलं, मामाला नाही आला.

"तुला नाही आवडलं?"

आवडलं गं, म्हटलं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तिला माहितीये. आईलाही माहितीये पण आई त्या विषयावर बोलत नाही, आणि बाबा तर सहीच्या वेळी... जाऊ दे.

रात्री दीड वाजेपर्यंत छोटीचं ते वाक्य डोक्यात. येणारच नव्हता काटा, हे मला शरीरशास्त्राच्या हिशोबाने पाठ आहे. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मण्यांच्या माळेसारखी नसांची साखळी खाली जाते, तिच्यातल्या छातीच्या वरच्या भागातल्या मण्यांपाशी माझी नस ऑपरेशन करून तोडलेली आहे, उजवी डावी दोन्ही. काखेखाली छोटी छोटी भोकं, एका वेळी एका बाजूचं फुप्फुस मिटवायचं, कॅमेरा आत, काम खलास. हाताचा घाम याच वाटेने येतो आणि काटाही याच वाटेने येतो, केसाच्या मुळाशी बारीकसा स्नायू असतो त्याला ओढायचा हुकूम इथूनच जातो. घाम बंद करायचा तर काटाही गेला, वेगवेगळं काही मिळत नाही. हे आता कळतं. तेव्हा मला फक्त कोरडे हात हवे होते. पेपर लिहिताना खाली रुमाल, तरी शाई पसरायची, फोनची स्क्रीन बोट ओळखायची नाही, कुणी हात पुढे केला की मी नमस्कार करायचो आणि लोक म्हणायचे किती संस्कारी मुलगा. शुद्धीवर आलो तेव्हा हात कोरडे आणि गरम होते, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी ते गालाला लावून रडलो होतो. ते पण खरं आहे, ते मी विसरणार नाही.

पण मग मला काल वाटलं का नाही? हाच प्रश्न. विल्यम जेम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये म्हणून ठेवलंय की वाईट वाटतं म्हणून आपण रडत नाही, रडतो म्हणून वाईट वाटतं, आधी शरीर आणि मग भावना. हे खरं असेल तर माझा अर्धा हिशोब कोराच. छाती धडधडायची तीही आता तितकी धडधडत नाही, हृदयाला पळ म्हणणाऱ्या नसा पण तिथूनच जातात, जिने चढताना दम लागतो आणि नाडी आपली निवांत. ऑपरेशन झालेल्या काहीजणांकडून ऐकलंय की सगळं जरा काचेपलीकडे गेल्यासारखं वाटतं. मला तसं वाटतं का? की ऐकलं म्हणून वाटायला लागलं? नऊ वर्षांपूर्वी मला कसं वाटायचं ते आता कुणाला विचारू.

मराठीत या नसांच्या व्यवस्थेला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. म्हणजे माझी अनुकंपा रीतसर सही-शिक्क्यानिशी छाटलेली आहे. ताईला हे कधी सांगितलं तर भांडणात वापरेल.

डोळ्यात पाणी मात्र आलं होतं. त्याची नस वेगळी, ती चेहऱ्याच्या नसेबरोबर येते, तिला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे आत काहीतरी झालंच होतं की, फक्त निरोप हातापर्यंत पोचला नाही. पण छोटीने डोळे कुठे बघितले, ती हात तपासत होती.

आणि घाम काय संपला थोडाच. त्याने नुसतं घर बदललं. हातातून निघाला तो पाठीवर, पोटावर, मांड्यांवर. ऑपरेशनआधी सही केलेल्या फॉर्मवर त्याची एक ओळ होती, कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग, म्हणजे भरपाईचा घाम, भरपाई हा शब्द ज्याने शोधला त्याला कधी खुर्चीवरून उठताना मागे वळून बघावं लागलं नसणार. घामासाठी हे ऑपरेशन १९२० पासून होतंय, त्याआधी फिटसाठी करून बघितलं होतं, नंतर ब्लडप्रेशरसाठी, त्या एका साखळीने काय काय सोसलंय. नस जोडता येते का म्हणून मीही चौकशी करून झालीये. न कापता नुसती चिमटा क्लिप लावली असती तर काढून तरी बघता आली असती, तरी खात्री नाहीच. माझी कापलेली आहे. कुणी शाबासकी द्यायला पाठीवर हात ठेवला की तो दचकून हात मागे घेतो. शाबासक्या तशाही फार येत नाहीत म्हणा.

तर दीड वाजता उठलो, इअरफोन लावले आणि परत ऐकलं. खरखर, घसा, "चालू झालं का रे?" दोन्ही बाह्या वर करून मोबाईलच्या उजेडात बघितलं. हात कोरडे, गुळगुळीत, जाहिरातीतल्यासारखे. मग लक्षात आलं की खालच्या नसा तर शाबूत आहेत, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

होता. नडगीवर, बारीक, पण होता.

मी तसाच बसून राहिलो. छोटीला सकाळी सांगावं म्हटलं, पण सगळ्यांसमोर पायजमा वर करून काय दाखवणार, आणि डोक्यावर पंखा फुल स्पीडवर होता, पाठीचा बनियन ओलाचिंब, थंडी वाजूनही आला असेल.