नागअळीवरची माशी ओळखायची, तर पान फेकू नका

संत्र्या-मोसंबीच्या नवतीवर नागमोडी चंदेरी रेघा उठल्या की ती नागअळी, फायलोक्निस्टिस सिट्रेला. तिच्यावर वाढणाऱ्या परोपजीवी माश्या (गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या) जेमतेम मिलिमीटरभर. नुसती माशी हाती लागली तर ओळख अर्धवट राहते, कारण निम्मा पुरावा पानात असतो.

पान उजेडासमोर धरा. अळीने पानात कोरलेल्या बोगद्यात विष्ठेची काळी रेघ दिसते. ती संपते तिथे अळी. अळी सुरकुतून मेलेली आणि शेजारी बोगद्यातच माशीचा एकटा उघडा कोष असेल, तर युलोफिडी कुळाचा संशय घ्या. सिट्रोस्टिकस फिलोक्निस्टॉइड्स अशीच अळीला बाहेरून चिकटून खाते आणि दुसऱ्या अवस्थेतली अळी जास्त गाठते. उलट, पानाच्या दुमडलेल्या कडेत कोषांची साखळी सापडली तर अजिनिआस्पिस सिट्रिकोला. तिच्या एका अंड्यातून अनेक पिल्ले होतात. (फ्लोरिडात 1994 साली मुद्दाम सोडली ती हीच.)

माशी निघेपर्यंत पान पाळताना एका नळीत एकच बोगदा ठेवा. दोन ठेवले की कोणती माशी कोणत्या अळीतून निघाली, हे कायमचे हरवते. तोंडाला कापसाचा बोळा लावा. ओलावा जास्त झाला तर बुरशी. कमी झाला तर पान आकसून कोष चिरडतो. नळीतला गाळणकागद दमट हवा, ओला नव्हे. माशी निघाल्यावर दिवसभर थांबा, मगच मारा. ताज्या माशीचा रंग कच्चा असतो आणि फिकट माशीची ओळख हमखास चुकते.

भिंगाखाली आधी पावलाचे खंड मोजा: युलोफिडीत चार, अजिनिआस्पिसच्या एन्सर्टिडी कुळात बहुधा पाच, शिवाय मधल्या पायाला उडीसाठी जाड काटा. सिरोस्पिलस (युलोफिडीतलीच आणखी एक माशी) की सिट्रोस्टिकस, एवढाच प्रश्न उरला तर पुढच्या पंखाची कड पाहा. कडेच्या शिरेतून पंखात एक आखूड फाटा शिरतो. त्याच्यापुढेही कडेची शीर ठळक चालू राहिली तर सिरोस्पिलस, जवळजवळ नसलीच तर सिट्रोस्टिकस. प्रजाती मात्र यावरून ठरवू नका, त्यासाठी स्लाइड लागते.

अल्कोहोलमध्ये ठेवलेली माशी काढून थेट वाळवली की डोके-पोट आत बसते आणि मापे निकामी होतात. आधी हेक्सामिथाइलडायसिलाझेन या झटकन उडून जाणाऱ्या द्रावातून काढा, तेही हवेशीर जागी. वाफ वाईट असते. डीएनएसाठीच्या माश्या 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळ्या ठेवा. रिकामा कोष आणि पानाचा तुकडाही त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह जपा. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.