वळचणीचं पाणी

शाळेत ‘वळचणीचं पाणी आढ्याला जाणे’ याचा वाक्यात उपयोग करायला दिला होता. मी काय वाक्य केलं ते आता आठवत नाही. त्याच सुमाराला शेजारच्या बेन आपल्या सुनेला म्हणाल्या होत्या ते मात्र आठवतं : ‘आ तो नेवांनां पाणी मोभे चडाववां जेवुं छे.’ नेवं म्हणजे वळचण, छपराची खालची कड; मोभ म्हणजे आढं, छपराचा माथा. दोन भाषांतली माणसं आपापल्या कौलांखाली पाऊस बघत बसली आणि दोघांनाही अशक्य गोष्टीसाठी एकच दाखला सुचला. फरक इतकाच की गुजरातीत ह्या म्हणीला घाम येतो, कुणीतरी ते पाणी चढवत असतं. मराठीत ते आपलं आपण जातं आणि आपण कपाळाला हात लावतो. आम्ही बडोद्याची मराठी माणसं प्रसंग पाहून दोन्ही वापरतो.

ते पाणी दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या घरी आलं.

दांडिया बाजारच्या मागे एका गल्लीत आमचं जुनं घर आहे. खाली विटा, वर सागवान, माडीवर मंगळुरी कौलं आणि रस्त्याच्या बाजूला वळचणीला जस्ती पत्र्याची पन्हळ. पन्हळीच्या दोन टोकांना दोन पाइप. रस्त्याकडच्या खोलीत झोपाळा, आणि त्याच्यावर आईची मालकी. एका संध्याकाळी झोपाळ्याच्या कडीजवळून थेंब पडायला लागले, तेही नेमके तिच्या भरतकामावर.

‘कौल फुटलंय,’ आईनं निदान केलं. मीही तेच म्हटलं. पाणी वरून येतंय म्हणजे वरच काहीतरी फुटलं असणार, एवढीच माझी अक्कल. बोलावलेल्या कारागिरानंही तेच म्हटलं, चौदा कौलं बदलली, पैसे घेतले. पुढच्या पावसात तक्तपोशीवरचा डाग वीतभर वाढला. तो पुन्हा आला, मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, आता सगळं छप्पर उतरवून पत्रे टाकून घ्या. आईनं त्याला चहा दिला आणि निरोप दिला.

त्या रात्री पुन्हा जोराचा पाऊस लागला. मी छत्री घेऊन गल्लीत जाऊन उभा राहिलो. पन्नाशी उलटेपर्यंत आपलं घर मी भर पावसात बाहेरून कधी पाहिलेलंच नव्हतं! पाऊस आला की आपण आत पळतो, आणि घराचं दुखणं तर त्याच वेळी बाहेरून दिसतं. विजेरी मारली. उजवीकडचा पाइप कोरडा ठाक. पन्हळ काठोकाठ भरलेली, आणि पाणी रस्त्याकडे न पडता मागच्या काठावरून भिंतीवर उतरत होतं, चांगलं पडद्यासारखं.

पन्हळीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा थोडा खाली ठेवतात, म्हणजे ती भरून वाहिलीच तर पाणी रस्त्यावर जातं. आमच्याकडे दिवाळीच्या रंगकामात कुणीतरी शिडी थेट पन्हळीला टेकवली होती. ब्रॅकेट वाकले आणि काठ उलटे झाले. (शिडी पन्हळीला कधीच टेकवू नये. भिंतीला टेकवावी, आणि खाली धरायला एक माणूस असावा, फोनवर न बोलणारा.) पाणी वाशांच्या टोकांवर पडायचं, तिथून भिंतीच्या माथ्यावर, तिथून तक्तपोशीच्या फळ्यांवर. मग ते सखल जागा शोधत जायचं, आणि ती नेमकी झोपाळ्याच्या तुळईपाशी. आमच्या तीन पिढ्यांनी झोके घेऊन ती तुळई बोटभर खाली आणलेली आहे. चौदा नवी कौलं वर चकचकत होती, बिचारी.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर पन्हळ उपसली. बडोद्याच्या पन्हळीत काय निघतं हे अहमदाबाद-सुरतेच्या माणसाला सांगायला नको. उत्तरायणाचे पतंग. कागद कधीच कुजून गेलेला, पण कामट्या आणि मांजा शाबूत. 14 जानेवारीला आकाशात कापले गेलेले वीर गल्लीतल्या सगळ्या पन्हळींत येऊन पडतात आणि त्यांच्या कामट्यामांज्याचं झकास जाळं तयार होतं. फाल्गुन-चैत्रात समोरचा कडुलिंब पानं गाळतो, मग मोहोर गाळतो, ते ह्या जाळ्यात अडकतं. दिवाळीच्या बाणांच्या काड्या आधीच हजर असतात. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर निंबोळ्या येतात. त्यांची चिकट लगदी झाली की पाइपाचं तोंड बंद, आणि त्यावर पिंपळाचं एक दीड फुटी रोपटं, चांगली लालसर पालवी फुटलेलं. सर्वात खाली, पाइपाच्या मुखात बरोब्बर बसलेला एक टेनिसचा चेंडू. तो कुणाचा, ह्यावर गल्लीत अजून एकमत नाही.

दुखणं एका जुलैतलं नव्हतंच, हे मग भिंतीनं सांगितलं. पन्हळीच्या सांध्याखाली तपकिरी ओघळ होता, तो मी जुन्या घराची शोभा समजत होतो. खालच्या विटांना लोणा लागलेला, रंग पापड होऊन सुटलेला. जोत्याशी मातीत एका रेषेत पडलेले खळगे, म्हणजे पन्हळ मधेच कुठेतरी गळत होती, नाहीतर भरून वाहत होती. दोन वाशांची टोकं नखानं उकरता येत होती, आणि ओल्या लाकडाचा पत्ता वाळवीला कुणी द्यावा लागत नाही. पत्रा बाहेरून ठीक दिसत होता. आत ओला पाला महिनोन् महिने बसल्यानं जस्ताचा थर खाल्ला गेला होता. चाचांनी स्क्रूड्रायव्हरनं हलकेच टोचलं, तर तो आरपार.

चाचा म्हणजे पत्र्याचं काम करणारे म्हातारे गृहस्थ. पूर्वी धान्याच्या कोठ्या करायचे, आता कूलरच्या टाक्या करतात. मी पीव्हीसीच्या पन्हळीबद्दल विचारलं. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, लावा, गंजत नाही, पण मे महिन्याच्या उन्हात ती लांबते नि थंडीत आखडते. सांध्यात जागा सोडावी लागते आणि ब्रॅकेट जवळजवळ लागतात, नाहीतर मधे पोट सुटतं. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते योगायोगानं असावं. शेवटी पत्राच घेतला. प्रत्येक सांध्याला डाख, दर दोन फुटांवर ब्रॅकेट, आणि मधल्या उंचवट्यापासून दोन्ही पाइपांकडे दहा फुटाला पाव इंच उतार. एवढासा उतार डोळ्याला दिसत नाही. चाचांनी मधोमध एक तांब्या पाणी ओतलं आणि विडी पेटवली. विडी संपायच्या आत पन्हळ कोरडी.

एवढ्याशा पत्र्यावरून किती पाणी जातं, याचा हिशेब मी नंतर केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर साधारण 90 चौरस मीटर. 31 जुलै 2019 ला बडोद्यात चोवीस तासांत 20 इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. म्हणजे आमच्या कौलांवरून त्या दिवशी पंचेचाळीस हजार लिटर पाणी उतरलं. हजार लिटरच्या काळ्या टाक्या पंचेचाळीस! हे सगळं जोत्यात मुरवायचं की चार-पाच फूट लांब नेऊन सोडायचं, एवढंच आपल्या हातात असतं. आता पाइपाच्या तळाला कोपर लावून पाणी गटाराकडे वळवलं आहे आणि वरच्या तोंडावर जाळीचा गोळा बसवलाय. चेंडूवाल्यांनी नोंद घ्यावी.

पन्हळ हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’वरून आला. देवळांच्या गाभाऱ्यातून तीर्थ बाहेर नेणारी ती मकरमुखी प्रणाल. दगडाची मगर, तिच्या जबड्यातून पाणी. बडोद्यात मगर दगडात थांबत नाही, विश्वामित्रीला पूर आला की ती सोसायटीच्या फाटकातून आत येते. त्या मानानं आमची पन्हळ फारच सोज्वळ म्हणायची.

आता माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. उत्तरायण झाल्यावर मांजा काढायचा, लिंबाची पानगळ सरली की पाला काढायचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात बादलीभर पाणी ओतून बघायचं, आणि निंबोळ्यांचा बहर ओसरला की पुन्हा एकदा. रबरी हातमोजे घालायचे, कारण मांजावरची काच बोटं ओळखत नाही. विजेची तार कुठून जाते हे चढण्याआधी पाहायचं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून ‘पुढच्या रविवारी करू’ हे वाक्य आमच्या घरात आता चालत नाही.

आईनं मात्र ह्या सगळ्यापेक्षा सोपी रीत काढली आहे. ती वर चढत नाही, बाहेरही जात नाही. पाऊस लागला की झोपाळा पायानं थांबवते आणि ऐकते. दोन्ही पाइप गुळण्या केल्यासारखे बोलत असले की पुन्हा झोका देते. परवा रात्री पाऊस आला. मी अंथरुणात होतो, झोपाळ्याच्या कड्यांची करकर थांबली.

‘अरे, झोपलास का? डावीकडचा बोलतोय. उजवीकडचा गप्प आहे.’

मी छत्री शोधायला उठलो.