तुम्ही विचारलंत म्हणून: सह्याद्री तसा पोरसवदाच

भूशास्त्र शिकवतो हे कळलं की गडाच्या वाटेवर कुणीतरी विचारतंच, "सर, सह्याद्री हिमालयाहून जुना म्हणे. मग आपला कातळ जगात सगळ्यात जुना ना?"

पहिलं वाक्य खरं, दुसरं नाही. ज्या काळ्या पाषाणावर आपण धापा टाकत बसलोय, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन थरावर थर पसरत गेला. आमच्या हिशेबात हे कालपरवाचं. भारतीय ढालक्षेत्राचा, म्हणजे द्वीपकल्पातल्या अतिप्राचीन कठीण खडकांचा, जुना पाया लाव्ह्याच्या या गोधडीखाली झाकलेला आहे.

गोधडी किती जाड, ते आपल्याला भूकंपांमुळे नेमकं कळलं. कोयनेला 1967 साली आणि किल्लारीला 1993 साली जमीन हादरली. पुढे कारण शोधायला तिथे खोल भोकं पाडली गेली. किल्लारीत 338 मीटरवर काळा दगड संपला. कोयनेला त्यासाठी 900 मीटरहून खाली जावं लागलं, आणि तिथे लाव्हा थेट ग्रॅनाइट-नाइस या जुन्या पट्टेदार खडकावर टेकलेला निघाला. म्हणजे खालचा दगड आणि वरचा दगड यांच्यात दोनशे कोटींहून जास्त वर्षांचं अंतर, आणि त्या काळाची तिथे बोटभर मातीसुद्धा नाही! मला तर लाव्ह्यापेक्षा या रिकाम्या जागेचंच जास्त नवल वाटतं.

हा जुना दगड डोळ्यांनी बघायचा तर बेंगळुरूच्या लालबागेत जा. केंपेगौडांचा बुरूज ज्या खडकावर आहे, तो सुमारे 300 कोटी वर्षांचा नाइस. करड्या दगडात पांढुरके-काळे पट्टे, पीठ मळताना मुडपल्यासारखे. असे पट्टे जमिनीखाली कित्येक किलोमीटर, उष्णतेत आणि दाबात पडतात. तो दगड आज उन्हात आहे याचा अर्थ वरचं सगळं झिजून गेलं. लोक त्यावर बसून शेंगा खातात. मीही खाल्ल्या.

वय कसं कळतं, हाही प्रश्न ठरलेला. नाइससारख्या दगडात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. त्यांतल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती झालं ते मोजायचं.

राज्याबाहेर जायचं नसेल तर गडचिरोली आहेच. तिकडे पूर्वेला गोधडी संपते आणि जुना दगड उघड्यावर येतो. तिथली पोरं मला हा प्रश्न कधीच विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो : "सर, तुमच्याकडचा दगड एवढा काळा कसा?"