विमानाच्या दोन पाट्या आणि रंगाखाली गेलेला नंबर

‘ओळखपट्टीचा फोटो सुस्पष्ट नाही’ एवढ्या एका ओळीवर विमान नोंदणीच्या ज्या कार्यालयाने आमची फाइल परत पाठवली, तिथल्या साहेबांना एकदा मे महिन्यात दुपारी आमच्या धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर उभं करावं, असं मला अजूनही वाटतं. कोणती ओळखपट्टी? विमानात दोन असतात. फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, “नियमात बघा.”

माझ्या आतेभावाने १९७९ सालचं दोन सीटचं सेस्ना १५२ आधीच्या मालकाकडून घेतलं. उडवणार तो, कागद माझ्याकडे, कारण घरातल्या ट्रॅक्टर-ट्रकची आरटीओची कामं आजवर मीच केली. विक्रीचा करार, विमा, मालकी बदलाचा अर्ज यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. बाहेरच्या मोठ्या अक्षरांचंही तसंच. डाव्या पंखाच्या खाली किमान ५० सेंटिमीटर आणि अंगावर ३० सेंटिमीटर उंचीची, साधी, बिनानक्षीची रोमन अक्षरं, सुरुवातीला आपल्या देशाचं ‘व्हीटी’. ती आधीपासून होती आणि मापात होती.

अडलं ते पाट्यांवर. पहिली पाटी कारखान्याची. विमान बनलं अमेरिकेत, विचिटाला, म्हणून पाटीही तिथल्या नियमाची: बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक, टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे त्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचा, नंबर. ७ मार्च १९८८ पासून बनलेल्या विमानांना ही पाटी बाहेरून, शेवटच्या दाराच्या मागे किंवा शेपटीजवळ, जमिनीवर उभ्या माणसाला वाचता येईल अशी लावतात. त्याआधीच्या विमानांना ती आत दाराजवळ असली तरी चालते, फक्त मॉडेल आणि अनुक्रमांक बाहेरही दिसायला हवा. आमची डाव्या दाराच्या खांबावर निघाली. ही पाटी आपण काढायची नाही, बदलायची नाही, तिला हातही लावायचा नाही.

दुसरी पाटी नोंदणीची. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या ७ व्या परिशिष्टात तिचा नियम आहे: आगीत न जळणाऱ्या धातूची, मुख्य दाराजवळ ठळक जागी, तिच्यावर देशाचं आणि नोंदणीचं चिन्ह. आपल्याकडे मालकाचं नाव-पत्ताही लागतो. मालक बदलला की ही पाटी नवी.

आता फोटो सुस्पष्ट का नव्हता ते सांगतो. आधीच्या मालकाने विमान पांढरं रंगवून घेतलं होतं आणि रंगाऱ्याने दाराच्या खांबासोबत कारखान्याची पाटीही रंगवून टाकली होती. शेपटीजवळचा नंबरही त्याच रंगाखाली. पांढऱ्यावर पांढरं, फोटोत काय दिसणार? मी फोनवर म्हटलं, “अनुक्रमांक नोंदणीच्या कागदात आहेच की.” पलीकडून शांतपणे, “कागदात आहे म्हणूनच पाटीवर बघायचाय.” मुद्दा बिनतोड होता, म्हणून तर जास्त राग आला.

ट्रकच्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने घासतात, तशी छाप घेतली. ठोकलेले आकडे रंगाखालून छान उमटले. मी खूश. कार्यालयाचं उत्तर: छाप नको, फोटो हवा. मग पॉलिश पेपर आणायला निघालो, तेवढ्यात आमच्या परवानाधारक इंजिनिअर साहेबांनी अडवलं. “घासलेली पाटी म्हणजे खाडाखोड केलेली पाटी. नंबर बदललाय असा संशय कुणाला आला, तर सिद्ध करत बसाल.” ते येईपर्यंत थांबावं लागलं आणि त्यांना वेळ मिळेना. विमान उभं, आतेभाऊ रोज फोन करणार, “झालं का रे?” शेवटी त्यांनी स्वतः रंग काढायचं द्रावण कापसाने लावलं, थांबले, बांबूच्या काडीने रंग सोडवला, पुन्हा लावलं. लोखंडाचं काहीही जवळ येऊ दिलं नाही. आकडे एकेक करून वर आले आणि कागदाशी जुळले, तेव्हा मी हँगरच्या रखवालदारालाही चहा पाजला.

विमान विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी दार उघडून ही पाटी वाचावी. रंग बसलेला असेल तर तो आधीच्या मालकाने काढून द्यावा, हे करारातच लिहून घ्या.

नव्या पाटीसाठी आधी रेडियमवाल्याकडे गेलो होतो. तो ॲक्रिलिकवर करून देत होता, दिसायला झकास. पण न जळणारी म्हणजे ॲक्रिलिक बाद. ॲल्युमिनियमही ६६० अंशांना वितळतं, आणि विमानाचं अंगच ॲल्युमिनियमचं; आगीनंतर विमान कुणाचं हे जिने सांगायचं, तीच त्याच्यासोबत वितळली तर काय उपयोग? स्टेनलेस स्टील वितळायला १४०० अंशांच्या आसपास जावं लागतं. आणि स्टीलवर अक्षरं कोरणारा माणूस धुळ्यात कुठे सापडतो, तर भांड्यांच्या दुकानात. आग्रा रोडजवळच्या गल्लीत लग्नाच्या ताटवाट्यांवर नावं घालणाऱ्या बाबांसमोर मी पत्र्याचा तुकडा ठेवला. त्यांनी उलटासुलटा करून विचारलं, “हाई काय शे?” विमानाची पाटी म्हटल्यावर मशीन बंद करून माझ्याकडे बघत राहिले. मग पट्टी लावून इंग्रजी कॅपिटल अक्षरं अशी सरळ कोरली, की इंजिनिअर साहेबांनी खोट काढायला चष्मा घातला आणि काढून ठेवला. पत्ता मात्र नोंदणीत आहे तसाच हवा. आमचा मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा धरून एवढा लांब, की पाटी थोडी मोठी घ्यावी लागली.

हे सांगायचं राहिलं: जुन्या पाटीची भोकं कुठे आहेत ते आधी मोजून ठेवा आणि नवीत तीच पाडून घ्या. दाराच्या खांबाला आपल्या मनाने नवं भोक पाडायचं नसतं, त्याच्यावर भार असतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सुचवणारेही भेटतील, त्यांना आमच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर काय होतं ते विचारा. आमची पाटी रिवेटने बसली, स्टील-ॲल्युमिनियम एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मध्ये सीलंट भरलं, आणि इंजिनिअर साहेबांनी लॉगबुकात नोंद केली.

फोटो सकाळी सावलीत काढा, फ्लॅश बंद ठेवून. स्टील चमकलं की अक्षरं उडतात. दोन्ही पाट्यांचे वेगवेगळे फोटो आणि प्रत्येकाखाली ‘कारखान्याची’, ‘नोंदणीची’ असं लिहून पाठवलं. या खेपेला त्या कार्यालयातून कुणी काही विचारलं नाही.