तुम्ही विचारलंत म्हणून : पीएफमध्ये जास्तीचे किती कापून घेऊ?

बत्तीस वर्षं मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, पगार आणि पीएफ. १९९० ला लागले, २०२२ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि सुटले. कारखाना सुटला, पण प्रश्न अजून सुटलेले नाहीत. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दहाव्याला गोदाघाटावर, कुणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, पीएफ वाढवून घ्यावा म्हणतोय. किती लावू?"

विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. दहा टक्के म्हणा, पाच हजार म्हणा, तो खूश होऊन जेवायला जातो. मी आकडा सांगत नाही. उलट मीच विचारते, गेल्या पाच-सात वर्षांत पीएफमधून किती वेळा पैसे काढलेत? इथे बहुतेकांचा चेहरा बदलतो.

पण आधी पगाराची स्लिप. निम्म्या लोकांनी ती नीट पाहिलेलीच नसते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के कापले जातात, असं सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या पंधरा हजारांवरच बारा टक्के धरतात, म्हणजे १,८०० रुपये. बेसिक तीस हजार असो नाहीतर पन्नास, पीएफ आपला अठराशे. हे कायद्यात बसतं, पण माणूस मात्र "माझे बारा टक्के जातात" या समजात पंधरा वर्षं काढतो.

मालकही तेवढेच घालतो. पण त्याच्या अठराशेतले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि पासबुकात त्याच्या रकान्यात ५५० दिसतात. हे ५५० बघून माझ्या काउंटरवर किती भांडणं झाली, सांगता सोय नाही. "मॅडम, कंपनी आमचे पैसे खाते." खात नाही बाबा, तिकडे पेन्शनला गेले. "मग पेन्शन किती मिळेल?" आता हे कागदावर मांडून दाखवायचं. पंधरा हजार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. सबंध पस्तीस वर्षं पंधरा हजारांवर भरली तरी साडेसात हजार. पंधरा हजारांची मर्यादा तर २०१४ पासूनची, त्याआधी ती साडेसहा हजार होती. त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांना तेवढेही नाहीत. मला चार हजारांच्या जरा वर मिळतात. गॅस, वीज, बीपीच्या गोळ्या आणि मोबाइलचा रिचार्ज, एवढ्यात ते संपतात. भाजी वेगळी.

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, म्हणून जुनी पेन्शन. तिला हा प्रश्न आयुष्यात कधी पडला नाही. ती मला म्हणते, तू सारखी पैशांचा विचार करतेस. करते. तुला करावा लागला नाही, हा तुझ्या स्वभावाचा गुण नव्हे, एवढं मात्र मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

आता पैसे काढण्याचं. आमच्या वेळी ॲडव्हान्ससाठी फॉर्म ३१ भरायचा. तो माझ्याकडून घ्यायचा, माझ्यासमोर भरायचा आणि कारण लिहायचं. घर, आजारपण, लग्न, शिक्षण. माणूस आधी काउंटरच्या आजूबाजूला दोन फेऱ्या मारायचा. रजेचा काहीतरी प्रश्न काढायचा. मग शेवटी, "एक फॉर्म द्या बरं." मी विचारायचे, "काय काढलं?" तो खाली बघायचा. कधीकधी तिथूनच परत जायचा आणि पतसोसायटीकडून किंवा मेहुण्याकडून भागवायचा. ती लाज हा फार मोठा ब्रेक होता. आता मोबाइलवर अंगठा टेकला की अर्ज. सोय झाली, नाही कशाला म्हणू? कोविडमध्ये तर कित्येक घरं त्यावर तरली. पण ब्रेक गेला तो गेलाच.

मला उपदेश करायचा अधिकार किती, तेही सांगते. मी स्वतः तीनदा काढले.

पहिल्यांदा २००२ मध्ये ८० हजार. सिडकोतल्या घरावर वरचा मजला चढवायचा होता. सिडकोची बैठी घरं कशी वाढत गेली ते नाशिककरांना सांगायला नको. आधी मागे एक खोली, मग स्लॅब, मग वर मजला. दुसऱ्यांदा सासूबाईंच्या ऑपरेशनला. त्याचा हिशोब मी कधी मांडला नाही, मांडणारही नाही. तिसऱ्यांदा २०१० मध्ये दीड लाख, नात्यातल्या एकाला धंद्यासाठी दिले. फॉर्मवर कारण लिहिलं घरदुरुस्ती. तो फॉर्म तपासून पुढे पाठवणारी मीच. पैसे परत आले नाहीत. मागायलाही जमलं नाही, कारण आमच्याकडे ते जमत नाही.

निवृत्तीच्या आधी एका रविवारी वही घेऊन बसले आणि दरवर्षीचं व्याज धरून बघितलं. ते ८० हजार तसेच राहिले असते तर २०२२ मध्ये चार लाखांच्या वर गेले असते. ते दीड लाखही साधारण चार लाख झाले असते. कागदावर दोन्ही चुका सारख्याच. पण वरच्या मजल्याचं आज मला साडेसहा हजार भाडं येतं, पेन्शनपेक्षा जास्त. (मधूनमधून बाथरूम गळतं, भाडेकरू दोन-दोन महिने मिळत नाही, ते धरलं तरी.) तेव्हा "पीएफला हात लावू नका" असं मी सरसकट म्हणत नाही. म्हटलं तर माझा भाडेकरूच हसेल.

मी म्हणते ते एवढंच, की जे पैसे तीन वर्षांनी पुन्हा काढावे लागणार आहेत ते मुळात तिथे घालू नका. मोठा आकडा लावून एप्रिलमध्ये शूर व्हायचं आणि पुढच्या जूनमध्ये शाळेच्या फीसाठी अर्ज करायचा, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. त्यापेक्षा हजार लावा आणि विसरून जा. मी लागले तेव्हा पीएफला बारा टक्के व्याज होतं, आता सव्वाआठ आहे. दर वरखाली होतात, ते आपल्या हातात नाही. पैसे पडून राहणं मात्र थोडंफार आपल्या हातात असतं.

याच्या उलट बाजूही मला एका माणसाने दाखवली. आमच्याकडे एक फिटर होते, निफाडकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एकुलती मुलगी. तिच्या शिक्षणासाठी ते दर दीड-दोन वर्षांनी फॉर्म न्यायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "अण्णा, शिक्षणाला बँक कर्ज देते. तुमच्या म्हातारपणाला कोण देणार आहे?" हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं. अण्णांनी फॉर्मवर सही केली, पेनाचं टोपण लावलं, पेन माझ्या ट्रेमध्ये परत ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, माझा द्राक्षाचा बाग दोन वेळा गारपिटीत गेलाय. बँकेचं कर्ज काय असतं ते तुम्ही मला सांगू नका. पोरीच्या डोक्यावर मी ते ठेवणार नाही." निवृत्त झाले तेव्हा खात्यात फारसं काही नव्हतं. आज ते मुलीकडे पुण्याला असतात आणि मजेत आहेत. कारखान्यातल्या त्याच विभागातल्या दुसऱ्या एकाने हेच केलं, मुलगा परदेशी गेला, आणि तो आता मंगल कार्यालयात रखवालदारी करतो. मी गेले की गेट उघडतो, "मॅडम, या" म्हणतो. या दोघांतून काय नियम काढायचा, मला अजून कळलेलं नाही. ते हुशारीचं वाक्य मात्र मी आता वापरत नाही.

परवा बहिणीच्याच मुलाचा फोन आला. वय तेहतीस, अंबडला एका कंपनीत. आईची पेन्शनवाली नोकरी बघत वाढलेला, त्यामुळे म्हातारपणी पैसे येतातच अशी त्याची समजूत. कुणीतरी कंपनीत व्हीपीएफचं, म्हणजे नेहमीच्या पीएफवर आपल्या मर्जीने जास्तीचे कापून घेण्याचं, सांगितलं आणि हा पेटला. "मावशी, पाच हजार लावतो."

"थांब. वही घे."

हातात येतात ४८ हजार. घराचा हप्ता १९. मुलगी पहिलीत, फी महिन्याला पडते साडेचार. किराणा, पेट्रोल, वीज मिळून पंधरा. सासऱ्यांच्या औषधांना तीन, कारण त्याची बायको एकुलती आहे. उरतात साडेसहा हजार. त्यातले पाच लावायचे म्हणतोय. मग मी विचारलं, क्रेडिट कार्डावर काही देणं आहे का? जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आहेत बासष्ट हजार. मिनिमम भरतोय मी."

महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे दोन हजारांच्या वर नुसतं व्याज. वर्षाला सव्वाआठ टक्के मिळावेत म्हणून माझा भाचा पैसे अडकवायला निघाला होता, आणि दुसऱ्या हाताने दर महिन्याला साडेतीन टक्के देत होता. त्याला शिव्या दिल्या नाहीत, पण द्यायला हव्या होत्या.

ठरलं ते असं. उरलेले साडेसहाच्या साडेसहा कार्डावर, वर दिवाळीचा बोनस. ते फिटलं की बँकेत महिन्याला अडीच हजारांचं रिकरिंग. ते फ्रिज, गावचा कार्यक्रम, गाडीचा विमा अशा खड्ड्यांसाठी. हे रिकरिंग महत्त्वाचं, कारण ते नसलं की प्रत्येक खड्डा पीएफमधून बुजवला जातो. आणि व्हीपीएफला दीड हजार. पुढचे उरलेले अडीच त्याच्या घराला. माणसाने कधीतरी बायको-पोरीला घेऊन मिसळ खायला जावं की नाही?

"दीडच?" म्हणाला. त्याला कुणीतरी मोबाइलवर गणित करून दिलं होतं. महिन्याला दोन हजार, आठ टक्क्यांनी, पंचवीस वर्षं, म्हणजे अठरा लाख. गणित बरोबर आहे. भरलेले सहा, झालेले अठरा. फक्त एवढंच की महागाई सहा टक्के धरली तर ते अठरा लाख आजच्या भावात सव्वाचार लाख होतात. हे ऐकून तो इतका हिरमुसला की मला वाईट वाटलं. पण दोन हजारांवर थांबायचं नसतंच. आकडा वाढवत न्यायचा असतो, आणि तो कधी वाढवायचा हे टाइम ऑफिसवाल्यांना चांगलं माहीत असतं : करार झाला की.

कारखान्यात दर तीन वर्षांनी युनियनचा करार होतो. पगार चार-पाच हजारांनी वाढतो, मागचा फरक एकरकमी मिळतो. तो फरक ज्या दिवशी जमा होतो, त्या दिवशी संध्याकाळी गेटवर मोटरसायकलवाले, टीव्हीवाले पत्रकं वाटत उभे असायचे. त्यांना तारीख आमच्याआधी कळायची. वाढलेला पगार घरात पहिल्यांदा पोचायच्या आत त्यातला निम्मा पीएफला वळवायचा. एकदा घराने तो आकडा पाहिला की मग त्याला हात लावता येत नाही. जे माझ्याकडे करार झाल्याच्या आठवड्यात येऊन अर्ज द्यायचे, त्यांचा अर्ज टिकायचा. जे तीन महिन्यांनी यायचे, ते पुढच्या वर्षी बंद करायला यायचे. ही आकडेवारी नव्हे, माझ्या टेबलावरची आठवण आहे.

जुन्या कर रचनेत पीएफला करसवलत मिळते, नव्या रचनेत नाही. म्हणून काही जण आता व्हीपीएफ बंद करायला निघालेत. कर वाचतो म्हणूनच भरत असाल, तर बंद करा. म्हातारपणासाठी भरत असाल, तर त्याचा आणि करसवलतीचा काय संबंध? आणि वर्षाला आपल्या हिश्शाचे अडीच लाखांपेक्षा जास्त जात असतील तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. पण एवढे भरणारा मला पंगतीत बाजूला घेऊन विचारत नाही, त्याचा सीए असतो.

भाच्याने कार्ड फेडायला घेतलंय. त्याच्या कंपनीत करार मार्चमध्ये आहे. मी कॅलेंडरवर, संकष्टीच्या खाली, लिहून ठेवलंय, "फोन. फरक जमा व्हायच्या आधी." बहिणीने ते पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला सुखाने जगू देशील का?" मी तिला चहा ठेवला.