बुलेटचा बोअर
आज सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात बाबांच्या जुन्या बुलेटचा सिलेंडर होन केला, म्हणजे ड्रिलला घासदगडांचं हत्यार (होन) लावून आतून घासला. ड्रिल सावकाश, होन सतत वर-खाली, तेलाची धार चालू. भिंतीवर ४५ अंशांच्या आसपास एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटल्या. त्याच तेल धरतात, पिस्टनच्या नव्या रिंगा बसवून घेतात; आरशासारखा बोअर (सिलेंडरची आतली पोकळी) इथे कामाचा नाही. बोअर अंडाकृती झाला असेल तर मात्र लेथवाल्याकडूनच बोअरिंग, म्हणजे आतून कातून परत गोल करणं.

खरा वेळ गेला धुण्यात. गरम पाणी, साबण, ब्रश, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. (टॉवेल नको, धागे सुटतात. सोलापूरकरानं हे म्हणायचं म्हणजे!) आई म्हणाली, "भांडी कधी अशी घासली नाहीस." पुसून लगेच ऑइल चोळलं, बिडाला गंज धरायला वेळ लागत नाही. रिंगांचा गॅप (टोकांमधली फट) उद्या बघू.